कोळप्याचे चाक आणि माणसाची पाठ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

निवृत्त झाल्यावर माणसाला दोन गोष्टींचा नाद लागतो असे म्हणतात, एक तब्येतीचा आणि दुसरा बागेचा. मला दुसरा लागला. आमच्या घरामागे चार-पाच गुंठे जागा आहे. तिथे मी मेथी, कांदा, गवार, भेंडी असे काहीबाही लावत असतो. ज्यांनी परसबाग केली आहे त्यांना सांगायला नको, पेरलेले उगवायच्या आधी न पेरलेले उगवते. पहिला पाऊस पडून चार ऊन्हे लागली की वाफ्यात हिरवे पोपटी केस यावेत तसे तण येते. त्यातले पीक कोणते आणि गवत कोणते, हे ओळखेपर्यंत आठवडा जातो आणि मग खुरपे घेऊन बसावे लागते.

एका पावसाळ्याच्या तोंडावर मी मुलाची अडगळीत पडलेली सायकल गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. मी काही सांगण्याआधीच तो म्हणाला, "कोळपं करायचंय ना, गुरुजी? पास सहा इंची टाकू का नऊ इंची?" दोन दिवसांनी त्याने सायकलीचे पुढचे चाक, त्याच्यामागे एक लोखंडी पाते आणि धरायला सायकलीचेच हँडल, असे एक अवजार माझ्या हवाली केले. आपल्याकडे त्याला सायकल कोळपे म्हणतात. वाफसा आल्यावर मी ते गवारीच्या दोन ओळींमधून ढकलत नेले. जे काम खुरप्याने दोन सकाळी पुरायचे, ते तासाभरात झाले. आणि मुख्य म्हणजे, मी सगळा वेळ उभा होतो.

तेव्हा मला आईची आठवण झाली. माझ्या आईने उभी हयात खुरपण्यात घालवली. आधी दुसऱ्यांच्या रानात, मग आमच्या तुकड्यात. म्हातारपणी ती उभी राहिली तरी कमरेतून वाकलेलीच असायची. एक हात गुडघ्यावर ठेवून चालायची. आम्हा मुलांना वाटे, म्हातारी माणसे अशीच असतात. पुढे शाळेत इतिहास शिकवताना कधी मनात आले नाही, ते त्या दिवशी गवारीच्या ओळीत आले. चाक पाच हजार वर्षांहून जुने आहे. तण काढायचे हत्यारही तितकेच जुने. मग या दोघांची गाठ पडायला इतका वेळ का लागला? आज त्याच प्रश्नाच्या मागे आपण थोडे चालून पाहू.

या गोष्टीची सुरुवात चाकापासून होत नाही, ओळीपासून होते. बी मुठीने फेकून पेरले तर रोपे कशीही उगवतात. त्यांच्यामधून कोणतेही अवजार चालवता येत नाही, हातानेच तण वेचावे लागते. ओळीत पेरले, तरच मध्ये वाट राहते. म्हणजे आधी पेरणीचे यंत्र, मग कोळपे, असा हा क्रम आहे.

आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. आपली पाभर किंवा विदर्भातली तिफण म्हणजे दुसरे काय आहे? चाड्यात बी सोडायचे, ते नळ्यांतून फणाच्या मागे पडायचे आणि सरळ ओळी उगवायच्या. मग त्या ओळींतून बैलाचे कोळपे चालवायचे. विदर्भात त्यालाच डवरा म्हणतात. कोळप्याचेही दोन प्रकार. पीक लहान असताना फटीचे कोळपे वापरायचे, म्हणजे पाते मध्ये तुटलेले असते आणि पिकाची ओळ त्या फटीतून सुखरूप निघून जाते. पीक मोठे झाले की अखंड पासेचे कोळपे दोन ओळींच्या मधून चालवायचे. बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून त्यांना मुसकी बांधायची. यातला बारीकसारीक विचार पाहिला की थक्क व्हायला होते.

इंग्रजही थक्क झाले होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कॅप्टन हॅलकॉट नावाच्या अधिकाऱ्याने आंध्रातल्या गुंटूर भागात शेतकऱ्यांना पाभरीने पेरताना पाहिले आणि त्याची माहिती इंग्लंडच्या शेतीमंडळाला कळवली. ओळीत पेरणारे यंत्र हा युरोपचा अलीकडचा शोध आहे अशी त्याची समजूत होती. एके दिवशी घोड्यावरून जाता जाता ती समजूत मोडली, हे त्याने मोकळेपणाने लिहिले. धरमपाल यांनी अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावर १९७१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा मजकूर वाचायला मिळतो.

आता हॅलकॉटच्या मनात जो युरोपचा शोध होता, त्याच्याकडे वळू. तो मुख्यतः जेथ्रो टल या इंग्रज माणसाच्या नावावर आहे. जन्म १६७४चा. शिक्षण वकिलीचे, पण वकिली केली नाही, वाडवडिलांची शेती पाहू लागला. बी किती खोल आणि किती विरळ टाकायचे हे तो मजुरांना बजावून सांगे आणि मजूर आपल्या पद्धतीनेच पेरत. या भांडणाला कंटाळून त्याने १७०१च्या सुमारास पेरणीचे यंत्र बनवले. त्याला वाद्यांची आवड होती. चर्चमधल्या ऑर्गनच्या आतल्या एका भागावरून त्याला बी सोडण्याची युक्ती सुचली असे तो सांगतो. म्हणजे पाहा, या यंत्रामागे विज्ञान होते तसाच मालक-मजुरांचा झगडाही होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

पुढे टल फ्रान्स आणि इटलीत फिरला. तिथल्या द्राक्षमळ्यांत दोन ओळींमधली माती सतत उकरून भुसभुशीत ठेवतात, हे त्याने पाहिले. घरी येऊन त्याने तोच प्रयोग धान्यावर केला आणि ओळींमधून घोड्याचे कोळपे चालवले. त्याचे घोडकोळप्याच्या शेतीवरचे पुस्तक १७३१ साली आले आणि १७३३ साली वाढवून पुन्हा निघाले. गंमत अशी, की टलचे तर्कशास्त्र साफ चुकीचे होते. त्याला वाटे की झाडे मातीचे अगदी बारीक कण खातात, म्हणून माती जितकी दळून द्यावी तितके झाडाचे पोट भरते. शेणखताला त्याचा फारसा मान नव्हता. पण त्याचे काम मात्र बरोबर होते. तण निघत होते, माती मोकळी होत होती, पीक चांगले येत होते. कारण चुकीचे आणि कृती बरोबर, असे इतिहासात पुष्कळदा घडते.

टलचे कोळपे घोड्याचे, आपले बैलाचे. दोन्हींना जनावर लागते आणि जनावराला वळायला जागा लागते. मोठ्या शेतात हे ठीक आहे. पण भाजीच्या वाफ्यात, कांद्याच्या रोपात, गाजर-मुळ्यात घोडा कसा घालणार? तिथे माणूसच गुडघ्यावर बसे. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशी अमेरिकी शहरे भराभर वाढली. त्यांना रोजची भाजी पुरवण्यासाठी शहरांभोवती मळे उभे राहिले. जमीन महाग, म्हणून ओळी जवळजवळ. आणि मजूर मिळत नसत, मिळाले तर टिकत नसत. कोळप्याचे चाक फिरू लागले ते याच मळ्यांमध्ये.

या गोष्टीतला सर्वात प्रसिद्ध माणूस म्हणजे सॅम्युएल लीड्स अ‍ॅलन. हा १८४१ साली फिलाडेल्फियात जन्मलेला आणि न्यू जर्सीत शेती करणारा क्वेकर पंथाचा गृहस्थ. चाकाचे हातकोळपे त्याने एकट्याने शोधले असे नाही, इतरही लोक त्या खटपटीत होते. पण ते घरोघरी पोचवले त्याने. सुरुवातीला त्याने खत पेरायचे एक यंत्र केले. पत्र्याची दोन घमेली तोंडाला तोंड लावून जोडली आणि भोवती पट्टी बसवली. ते ध्यान कडे असलेल्या शनी ग्रहासारखे दिसू लागले, म्हणून यंत्राचे नाव पडले 'प्लॅनेट'. मग आकाराने लहान असे बी पेरायचे यंत्र निघाले, ते 'प्लॅनेट ज्युनियर', म्हणजे धाकटा ग्रह. हेच नाव पुढे त्याच्या सगळ्या अवजारांना चिकटले. आपल्याकडे शनी मागे लागला की माणूस घाबरतो. अ‍ॅलनला मात्र तो चांगलाच पावला.

अ‍ॅलनच्या हातकोळप्यात दोन तऱ्हा होत्या. एक चाकी कोळपे दोन ओळींच्या मधून चालायचे. दुचाकी कोळप्याची दोन चाके ओळीच्या दोन बाजूंनी जायची आणि रोपे मधून. म्हणजे आपल्या फटीच्या कोळप्याची कल्पना, फक्त बैलाऐवजी माणूस आणि तोही मागून ढकलणारा. पाती बदलता येत. तण छाटायला सपाट पाते, माती उकरायला दात, भर लावायला छोटा नांगर. आणि आणखी एक सोय होती, तिच्यावरून माझी नजर आधी सहज पुढे गेली होती. दांड्या खालीवर करता येत. ढकलणाऱ्याच्या उंचीप्रमाणे.

शेतीची अवजारे हंगामापुरती खपतात. हिवाळ्यात कारखान्यातल्या कारागिरांना काम काय द्यायचे? अ‍ॅलनने बर्फावरून घसरायची मुलांची गाडी तयार केली आणि १८८९ साली तिचे पेटंट घेतले. 'फ्लेक्सिबल फ्लायर' नावाची ही गाडी अमेरिकेत इतकी लोकप्रिय झाली की कोळप्याच्या बापाला लोक खेळण्याचा बाप म्हणूनच ओळखू लागले. अ‍ॅलन १९१८ साली वारला.

त्यानंतर दोन महायुद्धांनी हातकोळप्याला चांगले दिवस दाखवले. अन्न वाचवा, घरामागे भाजी लावा, अशी हाक सरकारने दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अशा सुमारे दोन कोटी बागा झाल्या होत्या. युद्ध संपले आणि चित्र पालटले. १९४५नंतर टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आले. छोटी इंजिने बसवलेली माती घुसळणारी यंत्रे आली. चाकाची कोळपी गोठ्यांच्या भिंतींवर टांगली गेली. ती खाली उतरवली रासायनिक औषधे नको म्हणणाऱ्या बागवाल्यांनी. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एलियट कोलमन या शेतकऱ्याने १९८९ साली सेंद्रिय भाजीपाल्यावर पुस्तक लिहिले, त्यात चाकाच्या कोळप्याची मनापासून शिफारस केली. तण दिसू लागायच्या आधीच कोळपा, उपटायची वेळ येऊ देऊ नका, असा त्याच्या सांगण्याचा रोख आहे. आपल्या आजोबांनी वेगळे काय सांगितले होते?

इथे थोडे थांबून, कोळप्याने मातीचे नेमके होते काय ते पाहू. आपल्याकडे म्हण आहे, एक कोळपणी म्हणजे अर्धे ओलीत. म्हणजे एकदा कोळपले की अर्धे पाणी दिल्यासारखे. अमेरिकेत फ्रँकलिन किंग या मृदाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. वरची इंचभर माती मोकळी केली की खालची ओल वर चढायच्या केसासारख्या वाटा तुटतात आणि ओल टिकते, असे तो सांगे. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की बहुतेक जमिनींत खरा फायदा तण गेल्याचा आहे, कारण तणच सर्वात जास्त पाणी पिते. पण आपली काळी जमीन वेगळी आहे. ती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळपणीने भेगा बुजतात. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्यातून जी पद्धत निघाली तिच्यात दोन ओळींत दीड फुटाचे अंतर आणि पुन्हा पुन्हा कोळपणी या गोष्टींवर भर होता. म्हणीला शास्त्राने दिलेली ही पावतीच म्हणायची.

करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. कोळपणी वाफशावर करावी, चिखलात नाही आणि दगड झालेल्या मातीतही नाही. पाते इंचभरच खोल जावे, जास्त गेले तर पिकाच्या मुळ्या तुटतात. एकाच दमात रेटू नये, पुढे-मागे करत पावला-पावलाने जावे. तण दोन-चार पानांचे असतानाच छाटावे आणि दिवस उन्हाचा निवडावा, म्हणजे ते जागीच वाळते. लव्हाळ्यापुढे मात्र कोणाचे चालत नाही. वरून छाटला तरी खालच्या गाठीतून तो पुन्हा येतो.

आता पुन्हा माणसाच्या पाठीकडे येऊ. अमेरिकेतल्या चाकाच्या कोळप्याची ही गोष्ट ऐकून कोणाला वाटेल, तिथे सगळे उभ्याने काम करू लागले. तसे नाही. त्याच देशात, कॅलिफोर्नियाच्या सुपीक खोऱ्यांत, विसाव्या शतकाची तीन चतुर्थांश वर्षे उलटेपर्यंत मजूर आखूड दांड्याची कुदळी घेऊन दिवसभर कमरेत वाकून सॅलडची पाने आणि साखरबीट यांची विरळणी करत होते. यातले बहुतेक मेक्सिकोतून आलेले. ते त्या हत्याराला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूडले. दांडा जेमतेम एक-दीड फुटाचा. लांब दांड्याची कुदळी बाजारात मिळत होती, चाकाचे कोळपे मिळत होते. तरी आखूडच का?

मालक म्हणत, वाकून काम केले की नजर रोपाजवळ राहते, रोपे कमी तुटतात. मजूर वेगळे कारण सांगत. आखूड कुदळीने काम करणारा माणूस उभा राहिला, की तो काम करत नाही हे मुकादमाला लांबूनही दिसते. वाकलेल्या पाठी म्हणजे चालू असलेले काम, असा तो हिशेब होता. डॉक्टरांनी सांगितले की या कामाने मणके कायमचे बिघडतात. मजुरांनी वकिलांच्या मदतीने सरकारी सुरक्षा खात्याकडे दाद मागितली. १९७३ साली ती फेटाळली गेली. ते न्यायालयात गेले. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी आखूड कुदळी बंद झाली. शेती बुडाली नाही. लांब दांड्याने तेच काम होऊ लागले. ती आखूड कुदळी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेली आहे.

हा निकाल वाचला तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मला सापडू लागले. चाक आणि खुरपे यांची गाठ पडायला उशीर झाला तो अक्कल कमी पडली म्हणून नव्हे. जो वाकत होता त्याच्या हातात अवजार निवडण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हातात अधिकार होता त्याची पाठ दुखत नव्हती.

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? ब्रिटिश सरकारने भारतीय शेती पाहण्यासाठी डॉ. जॉन व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला बोलावले होते. १८९३ साली त्याचा अहवाल आला. इथली शेते तणापासून जितकी स्वच्छ ठेवलेली असतात तितकी इतरत्र दिसणे कठीण, असा त्याचा अभिप्राय होता. आपण अभिमानाने हे सांगतो आणि सांगावेही. पण ती शेते स्वच्छ कोण ठेवत होते? बैलाचे कोळपे पुरुष हाकत. ते ओळींच्या मधले तण काढी. ओळीतले, रोपाच्या बुंध्याशी असलेले तण मात्र राहून जाई. ते काढायला बायका खुरपी घेऊन बसत. नांगर, पाभर, कुळव, कोळपे या सगळ्यांत सुतार-लोहारांच्या पिढ्यांनी सुधारणा केल्या. खुरपे होते तसे राहिले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीचे दुकान आणि शेतीचे अवजार हे नाते महाराष्ट्राला असे जुनेच आहे. पण तो नांगर होता, पुरुषाच्या हातातला. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली जपानी पद्धतीच्या भातशेतीची देशभर मोहीम निघाली. त्या पद्धतीत रोपे दोरीवर ओळीने लावायची आणि त्यांच्यामधून ढकलायचे फिरत्या दातांचे कोळपे चालवायचे. जपानमध्ये ते १८९०च्या दशकापासून वापरात होते. कोकण-मावळातल्या चिखलात वाकणाऱ्या बायकांची पाठ त्याने सुटली असती. पण ओळीत लावणी करायला वेळ लागतो आणि मजुरी स्वस्त होती. वाकणारी पाठ स्वस्तात मिळते तोवर चाकाला कोण विचारतो?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र पाने उलटली. तुकडे लहान झाले, बैलजोडी पोसणे परवडेना, खुरपणीला माणूस मिळेना. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने दुचाकी हातकोळपे तयार केले, कृषी विद्यापीठांनीही नमुने दिले. पण गावोगाव पसरले ते सायकल कोळपे. त्याचा ना कोणी अ‍ॅलन, ना कुठे जाहिरात. मोडक्या सायकली आणि वेल्डिंगची मशीन यांच्या बळावर गावच्या कारागिरांनी ते एकमेकांचे पाहून केले.

माझ्या बागेतल्या कोळप्याची गोष्ट मात्र इथे संपली नाही. आमच्याकडे एक मावशी बरीच वर्षे खुरपायला येतात. त्यांनी भिंतीला टेकवलेले कोळपे पाहिले, जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं गुरुजी. आता आमचं काय काम?" मी गडबडलो. पाठ वाचवणाऱ्या चाकाने रोज बुडतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. टलच्या काळातला मालक-मजुरांचा झगडा माझ्या परसात येऊन उभा राहिला होता, आणि या खेपेला मालक मी होतो.

मी म्हटले, "मावशी, तुम्ही चालवून बघा." त्यांनी पदर खोचला, हँडल धरले आणि लगेच सोडले. म्हणाल्या, "ही दांडी बाप्याच्या मापाची हाय. माझ्या छातीला लागती." खरेच होते. मी माझ्या उंचीने दांडी करून घेतली होती. तेव्हा मला अ‍ॅलनच्या त्या खालीवर होणाऱ्या दांड्यांची किंमत कळली. कोळपे पुन्हा वेल्डिंगवाल्याकडे नेले आणि दांडीला तीन भोके पाडून घेतली. आता बोल्ट काढला की दांडी खाली येते. मावशींनी दोन ओळी चालवल्या आणि निकाल दिला, "मधलं निघतंय. पण झाडापाशी खुरपंच लागतंय. तेवढं मी करीन."

मग मजुरीचा विचार केला. रोजावर काम दिले तर लवकर उरकण्यात त्यांचा तोटा. म्हणून आम्ही वाफ्यावर ठरवले. खुरप्याने या वाफ्यांना त्यांना जेवढे रोज लागत तेवढे पैसे, मग काम तासात होवो की दिवसात. आता त्या सकाळी येतात, मधले कोळपून घेतात, बुंध्याशी थोडे खुरपतात आणि ऊन चढायच्या आत घरी जातात. माझ्या पाच गुंठ्यांत हा प्रश्न असा सुटला. साऱ्या शिवारातल्या बायकांचा तो असाच सुटेल, असे मी म्हणणार नाही. तिथे कोळप्याला तणनाशकाच्या पंपाशी टक्कर द्यायची आहे, आणि खुरपणीचा रोज हेच कित्येक घरांचे मीठ-मिरचीचे पैसे आहेत.

पण तुमच्या गावात कोणी सायकल कोळपे करून घेत असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा. ते कोण चालवणार आहे ते आधी विचार, आणि दांडी तिच्या मापाने कर.